सात पदकांचा साचा

होळीच्या आधीचा महिनाभर आमच्या घरात चहात कोणी साखर घालत नसे. गरजच नव्हती. मागच्या पडवीत दोन भट्ट्या पहाटेपासून पेटलेल्या असत, त्यांवर साखरेचा पाक उकळत असे आणि त्याची वाफ घरभर फिरून भांड्यांवर, उशांवर, देवांच्या तसबिरींवर जाऊन बसे. कपाला ओठ लावला की कप गोड लागायचा. माझ्या वेणीत मुंग्या शिरायच्या, आणि हे मी वाढवून सांगत नाही. शाळेत मागच्या बाकावरची मुलगी त्या एकेक वेचून खिडकीबाहेर टाकायची. माय या दिवसांत मुद्दाम जहाल तिखट करायची. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेवेची लालभडक भाजी. आप्पा, म्हणजे माझे वडील, भट्टीवरून उठून यायचे, दोन घास खायचे, कपाळावरचा घाम पुसायचे आणि म्हणायचे, "हा, आते जीभ जागी व्हयनी." मग पुन्हा भट्टीकडे.

आमचं घर तळोद्याला आणि धंदा बाजारांचा. दुकान असं नव्हतंच. आज तळोदा, उद्या अक्कलकुवा, परवा मोलगी, मग धडगाव, मध्ये कुठली यात्रा लागली तर तिथे. वर्षभर शेव, मुरमुऱ्यांचा भत्ता, फुटाणे, गोडीशेव. पण घर चालायचं ते फाल्गुनातल्या हारकंगनावर. साखरेच्या पदकांचा हार आणि हातात घालायचं साखरेचं कंगन. पोरांच्या गळ्यात घालायचं, होळीला वाहायचं, पाडव्याला गुढीला बांधायचं. आजकाल मशीनवर केलेले, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले हार मिळतात. मी एकदा विकत घेऊन खाऊन पाहिला. खडू आणि त्यात काही फरक नाही. पण माझ्या मताला कोण विचारतो.

आमचे हार साच्यात होत. साचा म्हणजे सागवानी फळ्यांची जोडी, दोन्ही फळ्यांवर आतून पदकं कोरलेली. मधल्या खाचेत दोरा धरायचा, जोडी मिटवायची, सुतळीनं आवळायची आणि वरच्या तोंडातून उकळता पाक ओतायचा. थोड्या वेळानं जोडी उघडली की दोऱ्यात ओवलेला पांढरा हार अलगद हातात येई. अलगद येई, कारण साचा आदल्या संध्याकाळपासून हौदात बुडवलेला असे. लाकूड पोटभर पाणी प्यालेलं असलं की पाक त्याला धरत नाही. कोरड्या लाकडात ओतला तर साखर त्याच्या रेषारेषांत शिरते, आणि मग हार सुटत नाही, तुकडे पडतात. साचे भिजत घालणं हे माझं काम होतं. सातवीत होते तेव्हापासून माझं. दिवेलागणीला मी ते एकेक करून हौदात सोडायची, तरंगू नयेत म्हणून वर पाटा ठेवायची, आणि पहाटे बाहेर काढायची. भिजलेला साचा कोरड्यापेक्षा कितीतरी जड होतो. उचलल्याबरोबर मनगटाला कळतं.

एकूण चौदा साचे होते आणि त्यांत एक सगळ्यांचा आजा. सात पदकांचा, मधल्या पदकावर मोर. तो माझ्या आजोबांनी कोरून घेतला होता. कोरणारा सुतार गेला, आजोबा गेले, साचा राहिला. होळीच्या आधीच्या आठवड्यातल्या बाजाराला डोंगरात भोंगऱ्या म्हणतात. सगळा डोंगर नटूनथटून ढोल वाजवत खाली उतरतो, आणि त्या दिवशी धडगावला आमच्या पालापाशी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी बोटानं हवेत मोराचा तुरा काढून दाखवायचं. म्हणजे मोराचा हार दे. आप्पा तो साचा दुसऱ्या कोणाला हाताळू देत नसत. मोठ्या भावाला, म्हणजे दादालासुद्धा नाही. मला द्यायचे.

कारण पाक ओळखायची मी. आप्पा कढईत झारा फिरवत असायचे, मी पाण्याची वाटी घेऊन शेजारी. झाऱ्यावरून एक थेंब वाटीत पाडायचा. पसरला तर कच्चा, गोळी झाली आणि वाटीच्या तळाला टक् वाजली तर तयार. आप्पांना हे माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी ते दर घाण्याला विचारायचे, "मंगा, देख व. उना का?" आणि मी मान वाकडी करून, जरा भाव खाऊन म्हणायची, "उना, आप्पा." मगच कढई उतरायची. दादा तिकडे लाकडं फोडत असायचा. शेजारणी म्हणायच्या, पोरगी असून बापाचा उजवा हात आहे. मला त्यातलं 'पोरगी असून' ऐकूच यायचं नाही, फक्त उजवा हात ऐकू यायचा.

मग दादाचं लग्न झालं आणि हंसावहिनी आली.

नवापूरची. तिच्या वडिलांची तिथे स्टेशनबाहेर फरसाणाची गाडी होती, म्हणून आप्पांनी मुद्दाम ते घर पाहिलं होतं. बोलण्यात अर्धी गुजराती, हसणं मोठं, आणि पायात आवाज करणारे पैंजण. माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठी असेल. पहिले दोन महिने तिनं स्वयंपाकघर पाहिलं, तोवर माझं तिचं उत्तम जमलं. आम्ही एका ताटात जेवायचो. माघ लागला, भट्ट्या पेटल्या, आणि माय म्हणाली की सुनेलाही पडवीत घ्या, काम पडलंय. तिला दोरे धरायला बसवलं. मीच शिकवलं तिला, दोरा खाचेत कसा ताणून धरायचा, टोकाला किती सोडायचा. हे मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना ऐकवत असे, की तिला मीच शिकवलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ती दोरा धरता धरता मान वर न करता म्हणाली, "आप्पा, आवाज बदली गया. आते उतारा."

आप्पा थांबले. मी घाईनं थेंब पाण्यात पाडला. गोळी. टक्.

"तू पाकना आवाज ऐकस?" आप्पांनी विचारलं.

"मन्हा बाप पहाटना अंधारामा जलेबीना पाक करे. लाइट ऱ्हायेच नही," ती म्हणाली. "ऐकी ऐकीसन शिकनू."

पुढच्या घाण्याला आप्पांनी झारा बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि कढईकडे कान केला. तीही उठून शेजारी येऊन वाकली. दोघं तशीच उभी. आधी पाक मोठ्यानं खळखळत होता, मग बुडबुडे लहान झाले, मग जड, आळसटलेला आवाज यायला लागला, आणि दोघं एकदमच म्हणाली, "हा." आप्पा लहान पोरासारखे हसले. "तीस वरीस झायात, माले वाटे पाक डोयाघाईच देखाना ऱ्हास. हिले तर कान शेत!" त्यांनी मायलाही हाक मारून ते दाखवलं. मी तिथेच होते, हातात वाटी घेऊन. वाटीतलं पाणी बदलायचं होतं म्हणून मी हौदाकडे गेले आणि बराच वेळ परत आले नाही. कोणी बोलावलंही नाही.

त्या दिवसापासून "मंगा, देख व" बंद झालं. आप्पांनी ते ठरवून बंद केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना नुसती नवी मजा सापडली होती. पण मी जळून खाक झाले. आता इतक्या वर्षांनी त्याला दुसरं सभ्य नाव शोधावं असं पुष्कळदा वाटलं. सापडलं नाही. तिच्या पैंजणांचा आवाज आला की माझं डोकं उठायचं. तिनं केलेली भाजी मी खारट म्हणून बाजूला सारायची आणि मग ती आत गेल्यावर गुपचूप संपवायची, कारण भाजी चांगली असायची. आरशात स्वतःचे कान पाहायची. मायजवळ एकदा मी बोलून गेले, "घरची म्हणते देवा देवा आणि बाहेरचीला चोळी शिवा." मायनं पाठीत धपाटा घातला. "बाहेरनी कसामा? सून शे ती. नवानं नऊ दिन ऱ्हातस. तू काबर जयस?" पण ते नऊ दिवस काही संपेनात.

बाजारात तर कहर झाला. आप्पांचा एक नियम होता, मला दहा वर्षांची असल्यापासून शिकवलेला: "गिऱ्हाइकना आंगले हात लावाना नही." माल नीट मांडायचा, भाव सांगायचा, आणि गप्प बसायचं. गिऱ्हाईक आपणहून वाकेल. मी तो नियम पाळून, डोंगरातल्या पावरी बोलीतले आकडे पाठ करून, मोठी शहाणी विक्रेती झाले होते. मोलगीच्या बाजाराला वहिनी पहिल्यांदा आली. तिला पावरीतला एक शब्द येत नव्हता. पालापाशी एक बाई कडेवर पोर घेऊन नुसती पाहत उभी होती. वहिनी उठली, त्या पोराकडे पाहून डोळे मोठे केले, जीभ टाळ्याला लावून टॉक् वाजवलं, पोर हसलं, आणि हिनं सरळ हार उचलून त्याच्या गळ्यात घातला. पोरानं लगेच पदक तोंडात धरलं. बाई हसायला लागली आणि कमरेची पिशवी सोडली. दुपारपर्यंत आमच्यापुढे पोरांची रांग. मी आप्पांकडे पाहिलं. आता रागावतील, म्हटलं. वहिनी म्हणाली, "आप्पा, गळामा घालेल हार कोनती माय काढी?" आणि आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी त्या ठसक्यातच जाहीर करून टाकलं, की धडगावच्या भोंगऱ्याला यंदा हंसा येईल. जीपमध्ये मालाबरोबर दोघांनाच जागा असायची. आप्पा आणि मी. गेली पाच वर्षं आप्पा आणि मी.

भोंगऱ्याला दोन दिवस राहिले असताना आप्पांनी आणखी एक गोष्ट केली. जेवताना म्हणाले, "उद्या मोरना साचामा पाक हंसा वतीन. पाक भी तीच सांगी, अन् वतीनबी तीच." वहिनीनं पदर सावरला आणि मान खाली घातली. ती खुशीनं लाल झाली होती. मी भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं त्याचं कारण सगळ्यांना तिखट वाटलं.

त्या संध्याकाळी मी साचे हौदात सोडले. तेरा. मोराचा साचा मी साखरेच्या रिकाम्या गोण्यांमागे उभा करून ठेवला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून त्याच्यावर तांब्याभर पाणी शिंपडलं, चांगला चोळला, आणि ओल्या साच्यांच्या ओळीत नेऊन ठेवला. वरून दिसायला त्यांच्यासारखाच. माझ्या मनात एवढंच होतं की हार चिकटावा, तुकडे पडावेत, आणि आप्पांनी वाटी माझ्या हातात परत द्यावी. याच्यापुढचं काही मी पाहिलं नव्हतं. सतरा वर्षांच्या पोरीला याच्यापुढचं दिसत नाही असं मी स्वतःला सांगत आले आहे, पण दिसलं असतं तरी मी थांबले असते का, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

वहिनीनं दोरा धरला. जोडी मिटवली, आवळली. कढईशी उभी राहून डोळे मिटून ऐकलं. "हा," म्हणाली. दादानं कढई उतरवली आणि तिनं पळीनं साच्याच्या तोंडातून पाक ओतला. एक थेंब बाहेर सांडला नाही. आम्ही सगळे भोवती उभे होतो. थोड्या वेळानं तिनं सुतळी सोडली, आणि जोडी उघडेना. हलवून पाहिलं, फळ्यांवर थोपटून पाहिलं. आप्पा तेवढ्यात दुसऱ्या भट्टीपाशी जाऊन बसले होते, ते "थांब, थांब" म्हणत उठेपर्यंत दादानं मदत म्हणून फटीत उलथनं घातलं आणि जोर केला. आवाज मोठा झाला नाही. वाळलेली काडी मोडल्यासारखा. फळी मोराच्या मानेपाशी आडवी उलली होती. आत साखर लाकडाला अशी धरली होती की पदकं ओरबाडून निघाली.

मायनं कपाळाला हात लावला. "सासरानी वस्तू फुटनी. येवढा वरीस काय व्हयनं नही. हातगुन ऱ्हास एकेकना!" नव्या सुनेच्या हातगुणाबद्दल एकदा घरात असा शब्द निघाला की तो पुसत नाही. वहिनीचा चेहरा पांढरा झाला. आप्पा खाली बसले. त्यांनी फळी उचलली, एकदा या हातात, एकदा त्या हातात. अंगठा आतल्या बाजूनं फिरवला. मी भिंतीला टेकून उभी होते. आप्पांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं.

"पाक पुढे गया," ते म्हणाले. "हंसाना कान चुकना."

आणि फळी बाजूला ठेवून ते हात धुवायला गेले. मी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या मनात आलं, चला, आप्पांनाही फसवलं आपण. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. वहिनी आत गेली आणि दिवसभर पैंजण वाजले नाहीत. संध्याकाळी आप्पा मला म्हणाले, "तयार ऱ्हा. धडगावले तू ये."

घाटातून वर जाताना पळस फुलला होता आणि जीपच्या टपावर ढोलवाले बसले होते. मी आप्पांच्या शेजारी, हारांची टोपली मांडीवर. हवं होतं ते सगळं मिळालं होतं. धडगावात पाय ठेवायला जागा नव्हती. पावरी वाद्याचे सूर, ढोल, गुळाच्या ढेपा, फुटाण्यांचे ढीग, चांदीचे दागिने घातलेल्या बाया, डोक्याला रंगीत फेटे बांधलेले गडी. आम्ही पाल मांडलं. गिऱ्हाइकं येऊन हवेत मोराचा तुरा काढायची आणि आप्पा मान हलवायचे. नाही. यंदा नाही. काही जण ते ऐकून पुढच्या पालाकडे सरकायचे. मग मी ठरवलं, आपणही दाखवून देऊ. एका बाईच्या कडेवर तीनेक वर्षांचं पोर होतं. मी उठले, डोळे मोठे केले, टॉक् करायला गेले तर नुसता थुंकीचा आवाज झाला, आणि हार पोराच्या गळ्यात घातला. पोरानं असा टाहो फोडला की शेजारचा बांगडीवाला वळून पाहायला लागला. त्याच्या आईनं शांतपणे हार काढला, माझ्या टोपलीत परत ठेवला, आणि पोराचं नाक पुसत निघून गेली. गळ्यात घातलेला हार आई काढू शकते, हे त्या दिवशी मला कळलं.

आप्पांनी पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते दिवसभर माझ्याशी भाव सोडून काहीच बोलले नव्हते.

परत येताना उन्हं उतरली होती. जीप घाटात एका वळणावर थांबली, इंजिनाला पाणी घालायला. बाकीचे खाली उतरले. आप्पा समोर पाहत म्हणाले, "साचा हलका व्हता, मंगा."

मी टोपलीच्या काठाकडे पाहत राहिले.

"उचला तव्हळच समजनं. वरथीन पानी मारेल व्हतं, मझार कोरडा. कितला वरीस तू साचा भिजाडी ऱ्हायनी, माले समजाव नही का?"

"आप्पा, मी..."

"आपलाच दात, आपलाच व्होट. कोनले सांगानं?" ते म्हणाले. मग ड्रायव्हर बॉनेट बंद करत असताना, "तुम्ही दोन्ही आते एक घरमा नको. आखाजीपर्यंत तुन्हाकरता कोठे जमस का देखस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडले असते, रडले असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोके बांधून गाणी म्हणतात, सासरी गेलेल्या माहेरी येतात. मी त्या आखाजीला अंगावर हळद घेऊन बसले होते. अक्कलकुव्याचं स्थळ, बाजारपेठेतलं किराणा दुकान, माणसं चांगली. आप्पांनी माझं वाईट केलं असं मी कधी म्हटलं नाही. पण बैलजोडीतला एक बैल मारका निघाला की शेतकरी कोणता विकायचा ते ठरवतो, तसं त्यांनी ठरवलं, आणि मी समजले की हंसा जिंकली. घर तिचं, आप्पा तिचे, भट्टी तिची. फुटलेल्या फळीला आप्पांनी लोखंडी पट्टी मारून घेतली आणि मोराचा हार पुन्हा सुरू झाला. माझ्याकडे दर होळीला तो यायचा. मोराच्या मानेवरून एक बारीक रेघ गेलेली असायची. मी तो पोरांना द्यायची, स्वतः कधी खाल्ला नाही. माहेरी दोन दिवसांच्यावर राहत नसे, आणि फाल्गुनात तर जातच नसे. पडवीत ती दोघं कढईला कान लावून उभी आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि इतक्या वर्षांनीही मी जळायची. आप्पा गेले तेव्हासुद्धा मला पहिल्यांदा हेच आठवलं, याची मला लाज वाटते.

मी आज अक्कलकुव्याला शेव-भत्ता विकते, बाजारही करते. पालाच्या बांबूला पैसे घ्यायचा तो काळापांढरा चौकोन लावला आहे. पन्नाशी ओलांडली. यंदा माघात वहिनीचा फोन आला. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पोरं सुरतेला, भट्टीवर माणूस मिळत नाही. "ताई, येशी का चार दिन?" तिनं असं कधी विचारलं नव्हतं. मी गेले.

दुपारी पडवीत आम्ही दोघीच होतो. ती दोरे कापत होती, मी साचे पुसत होते. मोराचा साचा हातात आला, पट्टी गंजलेली. का कोण जाणे, मी बोलून गेले, "वहिनी, हाऊ साचा मी भिजाडा नव्हता."

"माले माहीत शे," ती म्हणाली. कात्री चालूच.

"आप्पास्नी सांगं?"

"आप्पा काय सांगतीन. मी दोरा धरा ना! बोटले समजनं. मझार भुसासारखा कोरडा व्हता."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. "मंग पाक काबर वता?"

तिनं कात्री खाली ठेवली. "तू सापडावी म्हनीसन. माले वाटनं, आप्पा साचा हातमा लेतीन, त्यास्ले समजी, अन् बठ्ठास्ना देखता तुले बोलतीन. एकदाव तरी. तू मन्हा भाजीले खारट म्हने ना?" ती जराशी हसली, मग हसणं गेलं. "त्यास्नी हातमा लिधा. त्यास्ले समजनं. मी तोंडकडेच देखी ऱ्हायंती. अन् काय बोलनात? हंसाना कान चुकना. पाक बरोबर व्हता, ताई. त्यास्ले भी माहीत व्हतं."

मी साचा मांडीवर आडवा ठेवला.

"त्या दिनथीन शेवटलोंग त्यास्नी माले पाक विचारा नही. एकदाव नही. विचारतात, तर त्यास्नं खोटं उघडं पडतं ना. पंधरा-सोळा वरीस मी फक्त दोरा धरात. मायना हातगुन ऐका." तिनं दोऱ्यांची जुडी गुडघ्यावर आपटून सारखी केली. "आप्पा चांगला मानूस. मन्हाकरता बठ्ठं करं त्यास्नी. पन मन्हाकरता कधी खोटं बोलनात नही. तुन्हाकरता बोलनात."

हे ऐकताना मला काय वाटायला हवं होतं ते मला माहीत आहे. आधी वाटला तो आनंद. तीस-पस्तीस वर्षं मी ज्या चित्रावर जळत होते ते मी सासरी गेल्यावर कधी नव्हतंच, आणि आप्पा एकदा, एकदाच, माझ्या बाजूला उभे राहिले होते. त्याच्या मागोमाग ती पंधरा-सोळा वर्षं आली, कढईशेजारी मान खाली घालून दोरा धरणारी वहिनी, कान शाबूत असून. मी तिला मग घाटातली गोष्ट सांगितली, जीप, इंजिन, आखाजी. तिला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं स्थळ आपोआप चालून आलं. तिनं दोऱ्यांची जुडी खाली ठेवली.

"म्हनजे तुले काढी दिधं," ती म्हणाली, "अन् माले ठेवीसन बहिरी करी दिधं."

मग चहा झाला. चहात साखर घातली नव्हती, तरी गोड होता. दिवेलागणीला मी उठले आणि साचे हौदात सोडायला लागले. जुनी सवय हाताला असतेच. चौदाच्या चौदा. मोराचा सगळ्यांत खाली. वर पाटा ठेवला, हात पदराला पुसले आणि ओट्यावर येऊन बसले.

वहिनी उठली. हौदापाशी गेली, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, आणि पाटा बाजूला करून तिनं पाण्यात हात घातला. एकेक साचा चाचपून ती मनाशी मोजत होती.